शिस्त आणि बैठक : बंदुकीवरील दुर्बिणीच्या स्थैर्याचा विचार

‘शिस्त’ हा शब्द उच्चारताच आज शाळेतील रांग किंवा सैनिकांचे संचलन डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ‘नेम’ हाही या शब्दाचा जुना अर्थ होय. मूळ फारसी ‘शस्त’ म्हणजे अंगठा. त्यावरून धनुष्याची दोरी ओढताना धनुर्धर अंगठ्यात जे कडे घालीत असे तेही ‘शस्त’च. कड्यावरून नेम, नेमावरून सरळ रेषा आणि रेषेवरून वर्तनातील सरळपणा, असा या अर्थाचा प्रवास झाला असावा. नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक टोकास मराठी माणसाने ‘माशी’ म्हटले. या सर्व शब्दांत नेम ही डोळ्याची आणि हाताची क्रिया मानलेली आहे. बंदुकीवर दुर्बीण चढली तेव्हा या क्रियेत एक तिसरा भागीदार शिरला. तो म्हणजे दुर्बिणीची बैठक. डोळा अचूक आणि हात स्थिर असूनही बैठक हलली तर गोळी दुसरीकडे जाते, आणि दोष मात्र बहुधा हाताच्या माथी बसतो.

हा विषय अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, संदर्भात मांडणे स्वाभाविक आहे. 1549 मध्ये निजामशाहीच्या या राजधानीत ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. सुमारे सत्तर सेंटिमीटर तोंडाच्या त्या तोफेपुढे प्रश्न होता तो वजनाचा आणि दारूचा. मिलिमीटरच्या शतांशाचा नव्हे. त्याच नगरात आज चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, जवळच के. के. रेंज हे गोळीबाराचे विस्तीर्ण मैदान आहे, आणि तेथे शतांशाचाच विचार करावा लागतो. 22 सप्टेंबर 2020 रोजी याच मैदानावर ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेसर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र सोडून तीन किलोमीटर अंतरावरील लक्ष्य भेदण्यात आले. क्षेपणास्त्र वाटेत आपली दिशा सुधारू शकते. साध्या गोळीस ती सोय नाही; नळीतून बाहेर पडताना तिला जी दिशा मिळाली तीच तिची अखेरची दिशा.

प्रथम भूमिती पाहू. दुर्बीण नळीच्या वर सुमारे चार सेंटिमीटरांवर बसते. म्हणजे दृष्टीची रेषा आणि नळीची रेषा या दोन भिन्न रेषा होत. एका ठरावीक अंतरावर, समजा शंभर मीटरवर, गोळी जेथे लागते तेथेच दुर्बिणीतील छेदरेषांचा मध्य आणून ठेवणे, यास नेम ‘जुळविणे’ म्हणतात. हे जुळलेले नाते दोन कड्यांवर आणि त्यांच्या खालच्या बैठकीवर अवलंबून असते. दोन कड्यांमधील अंतर शंभर मिलिमीटर धरले आणि त्यांपैकी एक कडे आडव्या दिशेने मिलिमीटरचा केवळ दहावा भाग सरकले, तर कोन एक सहस्रांश होतो; शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूस जाते, तीनशे मीटरवर तीस. कागदाच्या एका कपट्याच्या जाडीइतकी ही हालचाल डोळ्यास दिसत नाही, बोटास जाणवत नाही. माशी आणि मागची खाच यांमध्ये सुमारे आठशे मिलिमीटर अंतर असते. तेथे तेवढीच चूक झाली तर परिणाम आठव्या हिश्श्याचा होतो. दुर्बीण लक्ष्य मोठे करून दाखविते, परंतु आपल्या आखूड बैठकीमुळे लहानशी ढिलाईही तितकीच मोठी करते, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजीत दुर्बिणीस मज्जाव आहे; तेथे बारीक छिद्राची दर्शके वापरतात. 2024 मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. आठशे मिलिमीटर अंतरावरील दर्शकांपैकी एक दशांश मिलिमीटर सरकले तर पन्नास मीटरवर सहा मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे मध्यावर धरलेल्या नेमाचा बिंदू दहाच्या वर्तुळाबाहेर जातो. दुर्बीण असो वा छिद्र असो, बसविण्याची काळजी चुकत नाही.

आता बैठक हलते का, हे पाहू. गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक मागे येते. मध्यम वजनाच्या 7.62 मिलिमीटर रायफलीत हा मागचा वेग सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपासच्या काळात उत्पन्न होतो. दुर्बीण मात्र जडत्वाने जागीच राहू पाहते; म्हणजे बंदुकीच्या मानाने ती पुढे घसरू पाहते. स्थूल हिशेबाने, अर्धा किलो वजनाच्या दुर्बिणीस बंदुकीबरोबर मागे आणण्यासाठी तेवढ्या क्षणापुरता पाऊणशे किलोग्रॅम वजनाइतका जोर बैठकीस द्यावा लागतो, आणि तोही प्रत्येक गोळीस. हा जोर केवळ स्क्रूंच्या आवळण्यावर सोपविणे चुकीचे आहे. यासाठीच बैठकीवर आडव्या खाचा असतात आणि कड्याच्या तळाशी त्यांत बसणारी आडवी खीळ असते. 1995 च्या अमेरिकी सैनिकी मानकानुसार, ज्यास पिकॅटिनी रेल म्हणतात, या खाचांची रुंदी 5.23 मिलिमीटर ठरविलेली आहे. खीळ खाचेपेक्षा किंचित बारीक असते. म्हणून कडे बसविताना ते पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेने, दाबून धरावे आणि मगच आवळावे. खीळ खाचेच्या पुढच्या कडेस आधीच टेकलेली असली म्हणजे धक्क्याने पुढे जाण्यास जागाच उरत नाही. मागे टेकवून आवळलेली दुर्बीण पहिल्या काही गोळ्यांतच पुढे सरकते आणि जुळविलेला नेम व्यर्थ होतो.

बसविण्याचा क्रम कंटाळवाणा खरा, पण त्याला पर्याय नाही. बैठकीचे स्क्रू व त्यांची भोके यांवरील तेल प्रथम पूर्णपणे पुसून काढावे. तेलकट आट्यांवर स्क्रू अधिक फिरतो आणि प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा जास्त ताणला जातो. बैठकीच्या स्क्रूंस मध्यम प्रतीचा, पुढे सोडविता येईल असा, आटे धरणारा द्रव लावणे हितावह आहे. कड्यांच्या वरच्या स्क्रूंस मात्र तो लावू नये असे अनेक जाणकार सांगतात, कारण ओला असताना तोही वंगणाचेच काम करतो आणि दुर्बिणीची पातळ नळी चेपते. हे वरचे स्क्रू आलटून पालटून, तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे पाहावे. जोर मोजणारा पाना वापरावा. वरच्या स्क्रूंस साधारणतः दोन न्यूटन-मीटर पुरतात. तथापि निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. ‘हाताला कळते’ असे म्हणणारे कारागीर पुष्कळ. त्यांच्या हातून चेपलेल्या दुर्बिणीही पुष्कळ. शेवटचा आवळा देण्यापूर्वी ओळंब्याच्या दोरीशी उभी छेदरेषा ताडून पाहावी, आणि सर्व झाल्यावर स्क्रू व कडे यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे पान्याविना कळते.

गोळ्या विखुरल्या तर दोष कोणाचा? नेमबाजाच्या हाताचा दोष असेल तर गोळ्या बहुधा सगळीकडे पसरतात. बैठक सैल असेल तर त्या पुष्कळदा दोन वेगळ्या पुंजक्यांत लागतात, किंवा एकाच दिशेने हळूहळू सरकत जातात. अशा वेळी दुर्बिणीची चकती फिरवून नेम पुन्हा पुन्हा ‘सुधारणे’ हे सावलीचा पाठलाग करण्यासारखे आहे. चकतीचा एक टप्पा शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर नेम हलवितो; सैल कडे त्याच्या दसपट हलवून पुन्हा मूळ जागी येऊ शकते. प्रथम रेघ पाहावी, मग स्क्रू, आणि मगच माणूस.

सैन्यांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडविला. दुसऱ्या महायुद्धातील ली-एन्फील्ड क्रमांक 4 (टी) या रायफलीच्या डाव्या बाजूस दोन आधार कायमचे जडविलेले असत. दुर्बीण आपल्या कंसासह हाताने फिरविण्याच्या दोन मोठ्या स्क्रूंनी त्यांवर बसे. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीस जुळविलेली असे आणि तिचा क्रमांक त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे. जोडी मोडली की नेमही मोडला. भारतीय सैन्यानेही वापरलेल्या द्रागुनोव रायफलीची चारपट दाखविणारी दुर्बीण बाजूच्या पट्टीवर सरकवून एका खटक्याने आवळतात.

रणगाड्यात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येतो. नगरच्या 1994 साली स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आणि विजयंता पाहणाऱ्यास तोफ दिसते; दर्शकाचे भिंग सहसा दिसत नाही. ही दोन एकाच रेषेत आणण्यासाठी तोफेच्या तोंडावर दोन धागे फुलीसारखे ताणतात, मागच्या बाजूने चापखिळीच्या भोकातून त्या फुलीमधून दूरचा एक ठळक बिंदू पाहतात, आणि मग दर्शकाची छेदरेषा त्याच बिंदूवर आणतात. एक सहस्रांशाची चूक येथे दोन हजार मीटरवर दोन मीटर होते; आडोशामागे केवळ बुरूज दिसत असलेला शत्रूचा रणगाडा त्यात सहज सुटतो, आणि मग पुढची गोळी त्याची असते.

रणगाड्यास आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो. लांब नळीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक तापली की ती अधिक प्रसरण पावते आणि नळीचे तोंड किंचित खाली झुकते. दर्शकाची बैठक पक्की असूनही रेषा ढळते, कारण येथे नळीच हललेली असते. यासाठी नळीवर उष्णतारोधक वेष्टन चढवितात आणि जुळवणी दिवसातून एकाहून अधिक वेळा पडताळतात. अनेक आधुनिक रणगाड्यांच्या नळीच्या तोंडाशी एक लहान आरसा किंवा प्रकाशखूण बसविलेली असते. तोफची आपल्या जागेवरूनच तिच्याकडे पाहून तोंड किती ढळले ते मोजतो. या साधनास मराठीत ‘मुखदर्पण’ म्हणण्यास हरकत नसावी.