बोट तारेवरून घसरणार आहे का?

टेनर गिटार म्हणजे चार तारांची, नेहमीच्या गिटारपेक्षा आखूड गिटार. टेनर बँजो वाजवणाऱ्यांना नव्यानं बोटं न बसवता गिटारचा आवाज काढता यावा म्हणून १९२० च्या दशकात ती अमेरिकेत पुढे आली. तिच्या तारा खर्जाकडून सी, जी, डी, ए अशा लावतात. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. व्हायोलिन आणि मॅन्डोलिन याच हिशेबानं लावतात, त्यामुळे त्या वाद्यांवर बोटं तयार झालेल्याला ती परकी वाटत नाही. अडतं ते तारांपाशी. दुकानात गिटारच्या तारा मागितल्या की हातात पडतात त्या राउंडवाउंड, म्हणजे पोलादी गाभ्यावर बारीक गोल तार गुंडाळलेल्या. फ्लॅटवाउंडमध्ये गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळतात, त्यामुळे वरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. कोणती घ्यावी यावर सल्ला मिळतो तो बहुधा आवाजाबद्दल: राउंडवाउंड खणखणीत, फ्लॅटवाउंड मऊ. माझ्या मते हा प्रश्न आधी बोटाचा आहे, कानाचा नंतर. वाजवताना बोट तारेवरून घसरणार असेल तर फ्लॅटवाउंड घ्यावी. नसेल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही.

हिशेबच करून पाहू. टेनर गिटारच्या तारेची वाजती लांबी साधारण ५८ सेंटीमीटर. सी तारेवर दुसऱ्या पडद्यावर षड्ज धरला आणि तिथून नवव्या पडद्यावरच्या पंचमापर्यंत बोट नेलं, तर ते सुमारे १७ सेंटीमीटर सरकतं. गुंडाळलेल्या गोल तारेची जाडी ०.२ मिलिमीटर धरली, तर एवढ्या वाटेत जवळपास ८५० कंगोरे लागतात. ही वाट एका सेकंदात कापली की ८५० हर्ट्झच्या आसपासची किरकिर उमटते. घाई केली तर आणखी चढी. ज्या षड्जावरून बोट निघालं तो मात्र जेमतेम १४७ हर्ट्झचा. म्हणजे स्वर खाली आणि किरकिर त्याच्या कितीतरी वर, जिथे कान जास्त तिखट असतो तिथे. मंचावर तबल्याच्या आवाजात ती एक वेळ दडेल, पण माइक वाद्याजवळ ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दडत नाही.

ज्या वाद्यात घसरण्यावरच सगळी मदार आहे तिथे हा निर्णय केव्हाच लागलेला आहे. व्हायोलिनच्या गुंडाळलेल्या तारा चपट्या पट्टीच्या, गुळगुळीत असतात. गजाननराव जोशी (१९११-१९८७) गवईही होते आणि व्हायोलिनवादकही, मुंबईच्या डी. के. दातारांचं (१९३२-२०१८) वादन गायकी अंगाचं म्हणून ओळखलं गेलं. गळ्यातली मींड तारेवर उतरवायची तर खरबरीत तार चालणारच नाही. कर्नाटक संगीतातले मॅन्डोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी गमकांसाठी मॅन्डोलिनच्या जोडतारा सोडून इलेक्ट्रिक मॅन्डोलिनवर एकेरी तारा चढवल्या, तीही निवड बोटाच्याच सोयीची. दुसरं टोक लालबाग-परळच्या बेंजो पार्टीत सापडतं. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा अवतार. मूळ वाद्य ताइशोगोतो, जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये काढलेलं. त्यात डाव्या हाताची बोटं तारेला लागतच नाहीत, बटणाखालची धातूची पट्टी तार दाबते. शेजारी ढोल-ताशे घुमत असताना तारेचा टणत्कारच हवा असतो. तिथे फ्लॅटवाउंडचा आग्रह धरणं म्हणजे निव्वळ हौस.

यावर पहिला आक्षेप असा की गिटारला पडदे आहेत, तेव्हा खरी मींड निघणारच नाही. अर्धं खरं आहे. पडद्यांवरून सरकलं की सूर पायऱ्या उतरतो. अखंड मींड हवी तर सतारीप्रमाणे तार आडवी खेचावी लागते. पण खेचताना तार पडद्यावर घासते, आणि गोल वेढ्याची तार तिथेही खरखरते, शिवाय पडदा झिजवते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्या कानाला जवारी, म्हणजे तारेचा भरीव झंकार, लागतो, मग तारेची चमक मुद्दाम कशाला मारायची? पण तंबोऱ्याची जवारी घोडीच्या घासणीतून आणि तारेखाली सरकवलेल्या सुताच्या जागेतून येते. त्याच्या पोलादी आणि पितळी तारा साधारणपणे साध्याच, गुंडाळी नसलेल्या असतात. झंकार आणि खरबरीतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही अकूस्टिक टेनरवर फ्लॅटवाउंडचा आवाज दबतो, हे मान्य करायला हवं. नुसती ठेक्याची साथ करायची असेल तर तिथे ब्राँझच्या राउंडवाउंडच बऱ्या. मधला मार्ग म्हणून गुंडाळून वरून घासलेल्या, हाफराउंड नावाच्या तारा मिळतात. इलेक्ट्रिक टेनरला ही अडचण कमी, कारण पोलादी किंवा निकेलची फ्लॅटवाउंड तार चुंबकी पिकअप चांगली पकडतो. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक फायदा: घाम आणि मळ अडकायला खाचा नसल्यामुळे ही तार उशिरा बद्द होते.

प्रत्यक्ष खरेदीत दिलासा असा की प्रश्न फक्त दोन तारांचा आहे. ए आणि डी या साध्या पोलादी तारा, कुठल्याही संचात सारख्याच, ०.०१० आणि ०.०१४ इंचाच्या घ्याव्यात. ०.०१० ची तार ए ला चढवली की तिच्यावर साडेदहा किलोच्या आसपास ताण येतो, त्यामुळे उगाच जाड घेऊ नये. टेनरचा खास फ्लॅटवाउंड संच धोबीतलाव-दादरच्या फेरीत हाती लागला नाही तर सहा तारांच्या गिटारचा घ्यावा, मात्र तिसरी तार गुंडाळलेली आहे ना हे पाहून. तिसरी तार गिटारवरही जी, टेनरवरही जी. चौथी एक स्वर खाली उतरवली की सी होते, पण लांबी कमी असल्यामुळे तिचा ताण गिटारवरच्या दोन-तृतीयांशाहूनही खाली येतो आणि ती लुळी पडते. पाचवी चढवून सी केली तर उलट गिटारवरच्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त ताणली जाते. म्हणून सी साठी ०.०३२ ते ०.०३४ इंचाची सुटी तार शोधणं उत्तम. त्याच जाडीची फ्लॅटवाउंड राउंडवाउंडपेक्षा वजनाला जड भरते, कारण पट्टीच्या वेढ्यांत पोकळी राहत नाही. तेव्हा जुन्या तारेचा आकडा डोळे मिटून पुढे चालवू नये. नवी तार मेरूच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत सैल किंवा घट्ट बसत असेल, तर कानस कारागिराच्याच हाती द्यावी.