ग्रॅज्युएट होऊन नोकरी मिळते का? कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी थोडं बोलू या

बारावीचा निकाल लागला की मदनपुरा, नागपाड्यापासून परळ-लालबागच्या चाळींपर्यंत घराघरात तोच विषय निघतो. अम्मी म्हणते, पोरगा ग्रॅज्युएट झालाच पाहिजे. मामू म्हणतात, तीन वर्षं कॉलेजात घालवून शेवटी दुकानावरच बसायचं असेल तर आत्ताच बसव की. दोघांचंही बोलणं अनुभवातून आलेलं असतं. शेजारचा मुलगा बी.कॉम. होऊन डिलिव्हरीची बाइक चालवतो, हे मामूंनी पाहिलेलं असतं. पदवी नाही म्हणून अब्बांचं प्रमोशन अडलं, हे अम्मीने पाहिलेलं असतं.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. पदवीचा उपयोग होतो, पण सगळीकडे सारखा होत नाही. काही दारं पदवीशिवाय उघडतच नाहीत. काही ठिकाणी पदवी असून कोणी विचारत नाही. आणि चांगल्या पगाराची काही कामं अशी आहेत, ज्यांना कॉलेजची पदवी लागतच नाही. आपल्या घरांत गडबड होते ती इथेच: कोणतं दार उघडायचं आहे हे न ठरवता आपण पोरांना कॉलेजात पाठवतो.

गिरणीला पदवी लागत नव्हती

आपल्या भागात हा प्रश्न तसा नवा आहे. गिरणगावात नोकरी लागायची ती जॉबरच्या ओळखीने. गाववाला, नातेवाईक, शेजारी यांच्यापैकी कोणीतरी शब्द टाकायचं आणि माणूस आधी बदली कामगार म्हणून आत जायचा. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर आणि कोकणातून आलेले मराठी कामगार एकाच गिरणीत मागावर उभे असत. हात चालतो का, एवढंच पाहिलं जाई. अर्थात ओळखीचा हा कारभार सगळ्यांशी न्यायाने वागत होता असंही नाही. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना कित्येक वर्षं शिरकाव नव्हता. कोकणी मुसलमानांच्या घरांतली माणसं जहाजावर खलाशी म्हणून गेली, तीही अशाच ओळखींतून.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आली. जमीन तीच, पण तिथे आता जॉबर नाही. बायोडेटा मागतात आणि त्यातली पहिली ओळ शिक्षणाची असते. आजोबांना जे हुनर पुरलं, ते नातवाला तेवढ्यावर का पुरत नाही, याचं उत्तर या बदलात आहे.

आपल्या समाजातल्या जाणत्या माणसांनी हे फार आधी ओळखलं होतं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं. सरकारी नोकऱ्या आणि वकिली इंग्रजी शिकलेल्यांकडे जाऊ लागल्या आणि मुसलमान मागे राहू लागले. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, त्यामागे हीच चिंता होती.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

‘शिकलेलेच जास्त बेकार आहेत’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो, आणि आकडाही तसाच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती फक्त ३.४ टक्के होती.

मग न शिकणं बरं का? अजिबात नाही. ज्याच्या घरात आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, तो बेकार बसूच शकत नाही. नाक्यावर मिळेल ते काम घेतो आणि सरकारी हिशेबात तो कामाला लागलेला दिसतो. पदवीधर मुलगा घरच्यांच्या आधारावर चांगल्या नोकरीची वाट पाहतो, म्हणून त्याची नोंद बेकारांत होते. काम असणं आणि चांगलं काम असणं यातला फरक या आकड्यात दिसत नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. शिपाई पदाला बारावी पुरते, तरी त्या रांगेत पदवीधर आणि इंजिनिअरही उभे होते. नुसत्या पदवीने रांगेत उभं राहता येतं, पुढे सरकायला आणखी काहीतरी लागतं.

पदवीची किंमत सरकारनेच एकदा रुपयांत सांगितली आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलाला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. बारावी आणि पदवी यांत चार हजारांचा फरक. कॉलेजची तीन वर्षं, फी, प्रवासखर्च आणि न कमावलेला पगार यांच्याशी तो ताडून पाहा. पदवीचा खरा फायदा या पहिल्या पगारात नसतो. ती पुढे कोणत्या परीक्षेला, कोणत्या बढतीला पात्र करते, यात तो असतो.

नावाचा प्रश्न

एक गोष्ट आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलली जाते. ती इथे उघड बोलू या. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शिक्षण सारखं असूनही मुस्लिम नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा बरीच कमी होती. दलित नावांनाही फटका बसला होता. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने दोन काल्पनिक मुलींच्या नावाने प्रत्येकी एक हजार अर्ज पाठवले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, मुस्लिम नावाला १०३ ठिकाणांहून.

हे वाचून ‘मग शिकून काय करायचं’ असं म्हणणं सोपं आहे. आम्ही उलटा अर्थ काढतो. जिथे पहिली चाळणी नावाने लागते, तिथे सर्वसाधारण पदवी फार साथ देत नाही. म्हणून जिथे गुण, परीक्षा किंवा परवाना मोजतात, त्या दारांकडे आपल्या मुलांनी आधी वळावं. भेदभावाविरुद्ध बोललंच पाहिजे, पण ते बदलेपर्यंत आपल्या पोरांचं वय थांबत नाही.

जिथे पदवी चालते

बँकांच्या क्लार्क आणि ऑफिसर परीक्षांना, राज्यसेवेला, तलाठी पदाला कोणत्याही शाखेची पदवी लागते. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये लिपिकाच्या, म्हणजे कार्यकारी सहायकाच्या १,८४६ जागा काढल्या, तिथेही पदवी हवी होती. शिवाय मराठी आणि इंग्रजी टायपिंगचं प्रमाणपत्रही हवं होतं. दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात पास झालेलं असावं, अशी अटही आधी होती. उमेदवारांनी आवाज उठवल्यावर ती काढून टाकली. यातून शिकण्यासारखं हे की, बी.ए.च्या तीन वर्षांतच टायपिंग आणि परीक्षेची तयारी व्हायला हवी. पदवी हातात आल्यावर दादरला क्लास शोधायला निघालात तर आणखी दोन-तीन वर्षं जातात.

इथे आपल्या हातात एक जमेची बाजू आहे: मराठी. पोलीस भरतीची १०० गुणांची लेखी परीक्षा मराठीत होते, राज्याच्या बहुतेक परीक्षांत मराठीचा भाग असतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला ही भाषा नव्याने शिकावी लागत नाही. उर्दू माध्यमातल्या मुलांनी मराठीचा पेपर ‘पास झालं की बस’ असा घेऊ नये.

दुसरी गोष्ट कागदांची. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्रात ओबीसीत येतात. राज्याच्या नोकऱ्यांत ओबीसींसाठी १९ टक्के जागा आहेत. त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा राज्यातला पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना कागद पेटीत असेल तर आजच काढून ठेवा. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ केली की तारीख निघून जाते. ज्यांची जमात यादीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो का ते पाहावं. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असणं ही त्यातली मुख्य अट आहे.

कॉलेजच्या पदवीशिवायची दारं

माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय पास मुलांची अप्रेंटिस म्हणून भरती होते. निवड परीक्षेतून होते. परळ, माटुंगा आणि लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्येही आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिप मिळते. तिथे दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते, तोंडी मुलाखत नसते. म्हणजे दहावीचे मार्क, जे आपण ‘झालं एकदाचं’ म्हणून विसरतो, ते तिथे कामाला येतात. भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये डिप्लोमा केलेल्याला पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. रस्ता लांबला तरी मध्येच कमाई सुरू करता येते.

परळ हा तर हॉस्पिटलांचा भाग. केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे. डॉक्टर होणं सगळ्यांना जमत नाही, पण हॉस्पिटल चालतं नर्स, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन यांच्या जिवावर. सायन्समधून बारावी केलेल्याला दोन वर्षांचा डी.फार्म. करून पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करता येते. नोंदणी झालेला फार्मासिस्ट असल्याशिवाय मेडिकल स्टोअर चालवता येत नाही, हा कायदा आहे. घरात धंद्याची सवय असेल तर हा मार्ग दुकान आणि शिक्षण दोन्ही जोडतो. सी.ए. हाही कॉलेजचा कोर्स नाही. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देता येते आणि आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतन मिळतं. कठीण आहे, पण पास झालेल्याची सही मोजली जाते.

धंदाही वाईट नाही. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत किंवा गिरगावच्या ऑपेरा हाउस परिसरातल्या हिऱ्यांच्या व्यवहारात कोणी मार्कशीट मागितली नाही. तिथे विश्वास आणि जिभेवरचा हिशेब चालला. पण घरात दुकान आहे का, भांडवल आहे का, शिकवणारा कोणी आहे का, हे आधी पाहावं. नाहीतर ‘धंद्यात बसव’ म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात दहा हजारांवर उभं करणं, एवढंच होतं.

मुलींच्या बाबतीत

आपल्या मोहल्ल्यांत मुली आता मुलांपेक्षा जास्त शिकताना दिसतात. पण त्यांची पदवी रिश्त्याच्या बायोडेटात लिहिण्यापुरती राहिली, तर ती वाया गेली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. फीच्या भीतीने मुलीला फार्मसी किंवा इंजिनिअरिंगऐवजी साध्या बी.ए.ला घालणार असाल, तर आधी ही सवलत तपासा.

फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न

घरात सगळे बसलेले असताना मुलालाच विचारा. एक: हा कोर्स झाल्यावर कोणत्या पदासाठी, कोणत्या परीक्षेला बसता येईल? पदाचं नाव सांगता आलं पाहिजे, ‘चांगली नोकरी’ हे उत्तर नाही. दोन: ते काम करणारा एक तरी माणूस आपण भेटलो आहोत का? नसेल तर जमातीत, शेजारात शोधा आणि त्याच्याशी तासभर बोला. तीन: ठरवलेलं दार नाही उघडलं, तर या शिक्षणावर दुसरं काय करता येईल?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर मामूंचा विरोध असला तरी कॉलेजात पाठवा. एकाचंही मिळालं नाही तर अम्मीची हौस असली तरी फॉर्म चार दिवस थांबवा आणि चौकशी करा. आपल्या बहुतेक घरांत एका मुलाच्या शिक्षणासाठी एखादी बहीण शाळा सोडते किंवा अब्बा ओव्हरटाइम करतात. तो पैसा कोणत्या दारासाठी लावतोय, हे विचारण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला आहे.