पोशीरहून नागपूर किती लांब?

पोशीरमधून पश्चिमेकडे पाहिलं की माथेरानची रांग आडवी येते. नवी मुंबईचा विमानतळ तिच्या पलीकडे, सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. पण गाडीने नेरळ, कर्जत, चौक, पनवेल असा वळसा घेतला की तेच अंतर जवळजवळ दुप्पट होतं. डोंगराने शिकवलेला हा धडा आपण विमानाचा हिशेब करताना मात्र विसरतो.

८ ऑक्टोबर २०२५ ला या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हापासून ‘नागपूर आता पाऊण तासावर’ असं सर्रास ऐकू येतं.

पहिली गफलत किलोमीटरची. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर, समृद्धी महामार्ग आमणे ते नागपूर ७०१. विमानाचं अंतर यातलं कुठलंच नाही. नवी मुंबई ते नागपूर सरळ मोजलं तर साधारण ६७० किलोमीटर भरतं. आणि विमान त्या रेषेवरूनही दोरी धरल्यासारखं जात नाही. उडताना त्याला वारा समोरून घ्यावा लागतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून नागपूरला निघालेलं विमान बहुधा आधी पश्चिमेला तोंड करून धावतं, उडतं आणि मग वळून पूर्वेची वाट धरतं. ‘एवढ्या उंच जायचं म्हणजे अंतर वाढणारच,’ असंही लोक म्हणतात. पण दोनशे किलोमीटरच्या चढात अकरा किलोमीटर उंची गाठली, तरी जादा पडतं ते अर्ध्या किलोमीटरहून कमी.

खरा घोटाळा तिकिटावरच्या वेळेचा आहे. सुटण्याची वेळ म्हणजे विमान हवेत झेपावण्याची वेळ नव्हे. चाकांचे ठोकळे काढले, विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू होतं. नागपूरला जागेवर उभं राहून चाकांना पुन्हा ठोकळे लागले, की थांबतं. मधे धावपट्टीपर्यंतची सावकाश चाल, पुढच्या विमानांची रांग, चढण, उतरण, सगळं धरलेलं असतं. ताशी आठशेच्या वर वेग मिळतो तो फक्त मधल्या टप्प्यात. म्हणून कागदावर पन्नास मिनिटांत बसणारा प्रवास वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास जातो. कोल्हापूरसारख्या जवळच्या गावाला तर मधला टप्पा फारच तोकडा. तिथे ताशी पाचशेने जाणारं पंख्याचं छोटं विमानही जेटच्या फार मागे राहत नाही.

जाताना आणि येताना वेळ वेगळी दिसली की पृथ्वीच्या फिरण्याकडे बोट दाखवलं जातं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. फरक पाडतो तो वरचा वारा. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून जोरात वाहतो, नागपूरला जाताना पाठीशी असतो आणि परतताना आडवा येतो.

तरीही पोशीरकरांचा वेळ आकाशापेक्षा जमिनीवरच जास्त जाणार. देशांतर्गत विमानाचे काउंटर बरेचदा तासभर आधीच बंद होतात, त्यामुळे दोन तास आधी पोहोचलेलं चांगलं. चौक-पनवेलच्या रहदारीला दोन तास धरा. दहाचं विमान असेल, तर पहाटेच आवरून सहाच्या आत गाडी नेरळच्या रस्त्याला लागायला हवी.