जत्रेतला तमाशा-नाटक : आधी कागद, मग सुपारी



गाळप हंगाम संपत आला की गावोगावी जत्रांची बोलणी सुरू होतात. पट्टी निघते, पारावर बैठक बसते, चार मंडळी नारायणगावला जाऊन राहुट्यांतून फड ठरवून येतात. फड परवडत नाही तिथे गावची पोरं नाटक बसवतात. हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे आणि पुढेही चालावे असेच आम्हांस वाटते. पण परवान्याचा विषय निघाला की बैठकीत एकच वाक्य ऐकू येते, "ते बघू शेवटी, ओळख आहे आपली."

या 'बघू शेवटी'पायी गेल्या वर्षी आपल्याच कार्यक्षेत्रातील एका गावाला फटका बसला. सुपारीचे पैसे पुरे दिलेले, वाड्यावस्त्यांवरून माणसं ट्रॅक्टर भरभरून आलेली. साडेनऊला गण सुरू झाला, गवळण रंगात आली, आणि दहाला पोलिसांनी कर्णा बंद केला. वग झालाच नाही. फडाचा दोष नव्हता, त्यामुळे पैसे परत मागता येईनात. पोलिसांचाही नव्हता, कारण गावाने अर्जच आदल्या दिवशी दिला होता.

उसाची नोंद वेळेवर केली नाही तर तोड वेळेवर मिळत नाही, हे आपणास सांगायला नको. परवान्याचेही तसेच आहे. म्हणून कोणता कागद कुठे मिळतो आणि तो कशासाठी लागतो, ते येथे क्रमाने देत आहोत.

जागेचा कागद : सर्वांत आधी जागा. गायरान किंवा गावठाणातील मोकळी जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्यावा. शाळेचे पटांगण असेल तर शाळेची आणि खाजगी रान असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. "तोंडी सांगितलंय" हे अर्जाला जोडता येत नाही.

संहितेचे प्रमाणपत्र : नाटक असो वा वग, सार्वजनिक प्रयोगासाठी महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. यालाच आपण सेन्सॉर म्हणतो. फड ठरवतानाच फडमालकाकडून या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. नाटकावरील सरकारी नजर जुनीच आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने २०१८ साली रद्द केला. त्यावरून काही मंडळींचा समज झाला, की आता सेन्सॉरच गेले. तसे नाही. मंडळाचे काम पोलीस कायद्याखालील नियमांनुसार चालते.

गावच्या पोरांनी छापील नाटक बसवले तर लेखकाचाही विचार करावा. हौशी मंडळाने फुकट प्रयोग केला किंवा देवस्थानच्या मदतीसाठी केला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. एरवी तिकीट लावले की लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागते. आपल्या उसाला जसा भाव, तसा त्याच्या लिखाणाला.

पोलीस व दंडाधिकारी : करमणुकीच्या कार्यक्रमांना परवाना देण्याचे नियम १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली होतात. पोलीस आयुक्त असलेल्या शहरात हा अधिकार आयुक्तांकडे, तर इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. आपण सुरुवात मात्र आपल्या पोलीस ठाण्यापासून करावी. अर्जात तारीख, सुरू व बंद होण्याची वेळ, जागा, अंदाजे गर्दी, तिकीट आहे की नाही आणि जबाबदार अशा दोन-तीन इसमांची नावे लिहावीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नये. निदान महिनाभर आधी अर्ज द्यावा असा आमचा सल्ला आहे.

कर्ण्याची वेळ : खरी अडचण येथेच होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. आपल्या जिल्ह्यात हे दिवस कोणते, ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. जत्रेचा दिवस त्यात आहे का, हे सुपारी देण्यापूर्वी बघावे. नसेल तर सहाला सुरू करून दहाच्या आत वग संपवावा. तेही जमत नसेल तर बंदिस्त सभागृह बघावे. दवाखाना, शाळा व न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरलेला असेल तर तेथे दिवसाही कर्णा लावता येत नाही. रात्रभर तमाशाचे दिवस कर्ण्यापुरते तरी संपले, हे कडू वाटले तरी खरे आहे.

कराचे : पूर्वीचा करमणूक कर १ जुलै २०१७ पासून जीएसटीत गेला. नाटक-तमाशाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लोककलेच्या कलावंताचे मानधन एका प्रयोगाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यालाही माफी आहे.

वीज व मंडप : वीज कंपनीकडून तात्पुरते कनेक्शन घ्यावे. आकडा टाकून केलेली रोषणाई गावाला कधी महागात पडेल सांगता येत नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागली. वर पेट घेणारे कापड, आत खचाखच माणसं आणि बाहेर पडायला एकच दार. चारशेहून अधिक माणसं गेली आणि त्यांत लहान मुले फार होती. तीही आपल्यासारखीच कार्यक्रम बघायला आलेली माणसं होती. म्हणून मंडपाला निदान दोन-तीन मोठ्या वाटा ठेवाव्यात, त्यांत खुर्च्या मांडू नयेत, वाळूच्या बादल्या व आग विझवण्याची नळकांडी हाताशी ठेवावीत आणि जनरेटर मंडपापासून लांब ठेवावा.

कागद म्हणजे साहेबांची मर्जी, ही समजूत सोडावी. कागदावर ज्या इसमाचे नाव असते, त्याने "एवढ्या माणसांची जबाबदारी माझी" असे लिहून दिलेले असते. ओळखीने एक वेळ कागद लवकर मिळेल, पण ओळखीने आग विझत नाही.

तेव्हा यंदा बैठक बसली की पट्टीच्या आधी तारीख धरावी, तारखेच्या आधी कर्ण्याची सूट बघावी, आणि हातात पोच आल्यावरच नारायणगावची वाट धरावी. सर्व कागदांच्या प्रती एका फायलीत लावून ती कार्यक्रमाच्या रात्री रंगमंचामागे ठेवावी. कोणी विचारायला आलेच, तर फाईल पुढे करावी आणि वग चालू ठेवावा.