उगवतीकडे तोंड करून गाणाऱ्या तिघी बहिणी

वाचकहो, आज जरा लांबच्या गावाला जाऊन येऊ. जगाचा नकाशा समोर धरा आणि बोट वर वर सरकवत न्या. इंग्लंड मागे पडले, स्कॉटलंड मागे पडले, की समुद्रात एक बेट लागते. ते आइसलंड. नावात बर्फ आहे, पण जमिनीखाली आग आहे. ज्वालामुखी, उकळत्या पाण्याचे झरे, आणि त्याच पाण्यावर तापवलेली घरे व काचघरे. बेटाचा विस्तार आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एकतृतीयांश, आणि माणसे किती? चार लाखांच्याही आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्यात मावतील एवढी. मेंढ्याही जवळपास तेवढ्याच!

अशा देशातल्या एका घरातल्या तीन बहिणी २०२२ साली सबंध युरोपसमोर गायला उभ्या राहिल्या. त्यांची ही हकीकत.

सिग्गा, बेता आणि एलिन ही त्यांची नावे. पहिली दोन घरातली हाकेची नावे. पुरी नावे सिग्रीदुर आणि एलिसाबेत. तिघींच्या नावापुढे 'एय्थोर्सदोत्तिर' असे लांबलचक शेपूट आहे, पण ते आडनाव नव्हे. आइसलंडमध्ये आडनावाची चाल जवळजवळ नाहीच. 'दोत्तिर' म्हणजे मुलगी, 'सोन' म्हणजे मुलगा. एय्थोरच्या मुली म्हणून एय्थोर्सदोत्तिर. वडिलांचे नाव एय्थोर गुन्नार्सोन, म्हणजे गुन्नारचा मुलगा. आईचे नाव एलेन क्रिस्त्यान्सदोत्तिर, आणि लग्न झाले म्हणून तिने ते बदलले नाही, कारण बापाची मुलगी ती लग्नानंतरही राहतेच! तेव्हा एकाच घरात बाप गुन्नार्सोन, आई क्रिस्त्यान्सदोत्तिर आणि मुली एय्थोर्सदोत्तिर. टेलिफोनच्या छापील पुस्तकातही तिथे माणसे पहिल्या नावानेच लावलेली असत. आपण नावापुढे वडिलांचे नाव लावतो, त्यामुळे आपल्याला हा हिशेब समजायला जड जाऊ नये.

आता या घराची संगीताची पुंजी पाहा. वडील एय्थोर हे 'मेझ्झोफोर्ते' नावाच्या वाद्यवृंदात पेटीवजा इलेक्ट्रिक वाद्ये आणि पियानो वाजवीत. हा वृंद १९७७ साली काही तरुण पोरांनी काढला. १९८३ साली त्यांची 'गार्डन पार्टी' नावाची एक धून इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढली. एवढ्याशा बेटाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. मौज अशी की त्या धुनेला शब्दच नव्हते, नुसती वाद्ये होती. आइसलंडची भाषा बाहेर कोण समजणार? तेव्हा शब्दांची भानगडच नको, असेही त्यामागे नकळत असेल, असे मला आपले वाटते. आई एलेन मात्र शब्दांची बाई. ती आइसलंडची नावाजलेली गायिका. तिचा भाऊ, म्हणजे या मुलींचा मामा, 'केके' या दोन अक्षरांनी तिथे घरोघर माहीत असलेला गायक. मामा आणि आई या भावाबहिणींनीही एकत्र गाऊन ध्वनिमुद्रिका काढलेली आहे. म्हणजे घरात दोन पिढ्या भावंडांनी मिळून गाण्याची रीत पडलेली.

अशा घरात मुलांना गाणे शिकवावे लागत नाही, ते कानावरून जात असते. पण तुम्ही म्हणाल, हे कलावंतांचे घर, त्यात नवल ते काय? म्हणून थोडे मागे जाऊन त्या देशाची रीत सांगतो.

जुन्या काळी आइसलंडचा शेतकरी गवताच्या ढेपळांनी लिंपलेल्या घरात राही. लाकूडफाटा कमी, थंडी भयंकर. घरात झोपायची आणि काम करायची एक लांबट खोली असे, तिला 'बादस्तोवा' म्हणत. हिवाळ्याच्या रात्री मालक, मालकीण, पोरेबाळे, गडीमाणसे सगळी त्या एका खोलीत बसत. कोणी लोकर पिंजतो आहे, कोणी सूत काढते आहे, कोणी विणते आहे. आणि एकजण दिव्याजवळ बसून मोठ्याने जुन्या वीरकथा वाचतो, नाहीतर 'रीमुर' नावाची लांबच लांब पद्ये विशिष्ट चालीवर म्हणतो. या बैठकीला 'क्वोल्डवाका' म्हणजे संध्याकाळचे जागरण असे नाव होते. हात कामात, कान गोष्टीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही रीत चालू होती. त्या लोकांनी आपली भाषा आणि आपली गाणी राखली ती अशी, लोकर विणता विणता.

आज ती घरे गेली, पण गाणे गेले नाही. गावोगावी संगीताच्या शाळा आहेत आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार व नगरपालिका उचलतात. गावोगावी गायनमंडळे आहेत. सप्टेंबरात डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या घोड्यांवरून हाकून खाली आणतात, कानावरच्या खुणा पाहून ज्याची त्याची मेंढी वेगळी काढतात. या दिवसाला 'रेत्तिर' म्हणतात. शेजारीपाजारी, शहरातले नातेवाईक सगळे हात लावायला येतात आणि काम उरकले की कुंपणाला टेकून गळे मोकळे करतात.

तर या तिघी बहिणींनी पहिल्याने काय केले? त्यांनी आईबापांची वाट धरली नाही. २०११ च्या सुमारास 'सीसी एय' नावाने त्यांनी एक चमू काढला आणि नाचाच्या ठेक्याचे, यंत्रावर वाजणारे संगीत करू लागल्या. तबकड्या वाजवणारा एक संगीतकार त्यांच्या जोडीला होता. गाणी इंग्रजीत. शहरातली तरुण पोरे रात्री ज्यावर नाचतात तसली. राजधानी रेक्याविकमध्ये मोठमोठ्या संगीत-जत्रा भरतात, तिथे त्या गाजल्या. एलिन याशिवाय एकटी गिटार घेऊन स्वतःची शांत गाणी म्हणत असे. म्हणजे नाचाच्या ठेक्याखालीही घरचा झरा वाहत होताच.

इथे त्यांच्या गाण्यातली एक खुबी सांगायला हवी, कारण आपल्या कानाला ती नवी आहे. आपल्या भजनात दहाजण बसले तरी सगळे एकच स्वर धरतात. बुवांनी जो लावला तो. युरोपच्या गाण्यात तसे नसते. तिघी एकच ओळ एकाच वेळी म्हणतात, पण एक खालच्या स्वरात, एक मधल्या आणि एक वरच्या. तीन वेगवेगळे स्वर एकमेकांत मिसळून चौथीच काही गोडी तयार होते. स्वर जरा हलला तरी सगळे बिघडते. यात भावंडांना एक जन्मजात फायदा असतो. घशाची ठेवण एका साच्यातली, बोलण्याची ढब एका आईकडून आलेली, श्वास कुठे घ्यायचा हे न सांगता कळणारे. त्यामुळे तीन आवाज वेगळे काढताच येत नाहीत. आइसलंडच्या लोकगीतांत तर दोन आवाजांनी गायचा एक फार जुना प्रकार आहे. त्यात दोघे गाता गाता मधेच एकमेकांना ओलांडतात, वरचा खाली आणि खालचा वर जातो.

आता २०२२ कडे येऊ. युरोपातल्या देशांच्या दूरदर्शन संस्था मिळून १९५६ पासून एक गाण्याची स्पर्धा भरवतात. तिला युरोव्हिजन म्हणतात. एकेका देशाने एकेक नवे गाणे पाठवायचे. परीक्षक आणि घरबसले प्रेक्षक दोघे मते देतात, आणि स्वतःच्या देशाला मत द्यायचे नाही. आइसलंड यात १९८६ साली उतरला. दुसरा क्रमांक दोनदा मिळाला, १९९९ आणि २००९ साली. पहिला मात्र एकदाही नाही.

कोणते गाणे पाठवायचे हे आइसलंडमध्ये आधी देशातल्या स्पर्धेत ठरते. तिथे एक नियम आहे. पहिल्या फेरीत गाणे आइसलंडच्या भाषेतच म्हणायचे. शेवटच्या फेरीत मात्र युरोपात जी भाषा वापरणार तीत म्हटले तरी चालते. आणि १९९९ पासून युरोपच्या मंचावर भाषेचे बंधन उरलेले नसल्याने बहुतेक सगळे मग इंग्रजीकडे वळतात. हिशेब सरळ आहे. चार लाखांना कळणाऱ्या भाषेत गाऊन मते कशी मिळणार?

या बहिणींना गाणे दिले ते लोविसा एलिसाबेत सिग्रुनारदोत्तिर या बाईंनी. गायिका म्हणून त्या 'ले लो' या नावाने ओळखल्या जातात. हिंदीतले 'ले लो' नव्हे बरे का, इंग्रजी शब्दांचे नाव आहे ते. पण आपल्या बाजूचा एक धागा त्यांच्यात आहेच. त्यांचे वडील श्रीलंकेचे, आई आइसलंडची. आणि नावाचे शेपूट पाहा, सिग्रुनची मुलगी. आईच्या नावाने! तिथे तसेही चालते.

गाण्याचे नाव 'मेद हाइक्कान्दी सोल', म्हणजे चढत्या सूर्याबरोबर. हे शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यातले आहेत. डिसेंबरच्या मध्यानंतर रेक्याविकला सूर्य जेमतेम चार तास दिसतो. दुपारी जेवून उठावे तो अंधार. मग दिवस कणाकणाने वाढू लागतो. आपण संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो, तर ते म्हणतात 'हाइनुफेत', कोंबडीच्या पावलाएवढा. वायव्येकडे ईसाफ्योर्दुर नावाचे गाव डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे दोन महिने सूर्य डोंगराआडच असतो. जानेवारीच्या २५ तारखेच्या सुमारास तो पुन्हा गावात डोकावतो, आणि त्या दिवशी घरोघर धिरड्यांसारखे पातळ गोड पोळे करून कॉफीबरोबर खातात. या कॉफीला नाव 'सूर्याची कॉफी'. एवढे कळले की त्या गाण्यात काय असेल हे सांगायला नको. लांब काळोख, गारठलेले मन, आणि कुठेतरी उजाडेल ही आशा.

तिघींनी नाचाचा ठेका बाजूला ठेवला. गिटारी घेतल्या, जुन्या वळणाची संथ चाल घेतली, आणि ढोल वाजवायला मागे बसला त्यांचा सख्खा भाऊ. १२ मार्च २०२२ ला देशातली शेवटची फेरी झाली. शेवटी दोनच चमू उरले. समोर होत्या 'रेक्याविकच्या लेकी' या अर्थाच्या नावाचा, मुलींचाच एक गाजलेला धडाकेबाज चमू. बऱ्याच जणांना वाटे की त्याच जिंकणार. पण लोकांनी कौल दिला तो या बहिणींच्या शांत गाण्याला. पुढे युरोपसाठी त्यांनी 'सिस्तुर' हे नाव घेतले. अर्थ साधा, 'बहिणी'. आणि भाषा? ती बदलली नाही.

इटलीतल्या तुरिन शहरी १० मे रोजी उपांत्य फेरी होती. सतरा देश, त्यांतले दहा पुढे जाणार. सिस्तुर त्या दहांत बसेल असे पैजा लावणाऱ्यांना वाटत नव्हते. पण सिस्तुरला १०३ गुण मिळाले आणि ती नेमकी दहावी आली. शेवटची जागा!

तो काळ लक्षात घ्या. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली होती आणि रशियाला स्पर्धेतून वगळले होते. बहिणींनी मंचावरून युक्रेनसाठी शांती मागितली. आणखी एका गोष्टीसाठी त्या ठिकठिकाणी बोलल्या. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेले मूल मनाने मुलगी असते, किंवा उलट असते, अशा मुलांना घराने व समाजाने जवळ करावे यासाठी. हे त्यांनी चारचौघांत, साऱ्या युरोपची नजर असताना सांगितले. काहींना रुचले, काहींना नसेल. मला त्यांचे धैर्य आवडले.

१४ मेच्या शेवटच्या फेरीत युक्रेनचा चमू जिंकला, ६३१ गुणांनी. सिस्तुरला मिळाले २०. पंचवीस देशांत तेविसावा क्रमांक. आकड्यांनी मोजायचे तर पराभवच हा, आणि मोठा. इंग्रजीत गायल्या असत्या तर चार गुण जास्त मिळाले असते का? कोण जाणे. तुमच्या घरात कोणाच्या मोबाईलवर यूट्यूब असेल तर ते गाणे लावून ऐका. एक शब्द कळणार नाही. पण दिवे मालवून, कामे उरकल्यावर ऐका, म्हणजे तीन आवाज कुठे एक होतात ते कानाला बरोबर सापडेल.

आणि आइसलंडने त्यानंतर आपली भाषा सोडली असे नाही. २०२५ साली तिथून दोन सख्खे भाऊ त्याच स्पर्धेला गेले. चमूचे नाव 'वाइब', गाण्याचे नाव 'रोआ', म्हणजे वल्हव. समुद्रात होडी घालून निघालेल्या माणसाचे उड्या मारत म्हटलेले गाणे, तेही घरच्याच भाषेत. परीक्षकांनी त्यांना भोपळा दिला. गुण दिले ते घरबसल्या प्रेक्षकांनी, ३३.