मूकपटांतील पडझड

‘स्लॅपस्टिक’ हें मूळचें विदूषकाच्या हातांतील आयुध: एकमेकींवर आपटणाऱ्या दोन फळ्या. मार थोडा, आवाज मोठा. रंगभूमीवर प्रेक्षक हंसत ते त्या आवाजाला. मूकपटाला नेमका तोच दुर्मिळ. तेव्हां सारी भिस्त डोळ्यांवर आली.

अमेरिकेंत १९१२ सालीं मॅक सेनेटनें कीस्टोन कंपनी काढली. तेथें कॅमेऱ्याची मूठ सावकाश फिरवीत. त्यामुळें पडद्यावर माणसें भरधांव पळत. युक्ति नामी खरी, पण अशानें माणसाचें खेळणें होतें, आणि खेळण्याच्या जिवाची धास्ती कोणाला?

बस्टर कीटननें ती धास्ती परत आणिली. आईबापांच्या खेळांत लहानपणींच तो पडण्याची विद्या शिकला होता. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) या चित्रपटांत वादळानें घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून उतरते आणि तो जागच्या जागीं उभा! भिंत सुमारें दोन टनांची. खिडकीच्या चौकटींत त्याच्या भोंवतीं मोकळी जागा कांहीं इंचांचीच. पावलें कोठें ठेवावयाचीं तें आधीं मोजलेलें. कॅमेरा दूर व स्थिर, कारण जवळचे तुकडे जोडले असते तर पाहणाऱ्यास संशय आला असता. चेहरा नेहमींसारखाच कोरा.

हिशेब दर वेळीं जुळला नाहीं. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) च्या चित्रीकरणांत पाण्याच्या लोंढ्यानें आपटून त्याच्या मानेचें हाड मोडलें. त्यास तें कळलें कित्येक वर्षांनीं, क्ष-किरणांच्या तपासणींत. तो प्रसंग मात्र चित्रपटांत तसाच आहे.