पेशींच्या पुड्या

पेशी आपल्या पटलात गुंडाळलेल्या सूक्ष्म पुड्या सतत बाहेर सोडतात. त्यांतल्या एक्झोसोमचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. सुरुवातीला हा निव्वळ पेशींचा कचरा मानला गेला. १९९६मध्ये प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींचे एक्झोसोम तिच्याच टी-पेशींना चेतवतात असे दिसले, तेव्हा मत बदलू लागले.

कर्करोगाने हीच वाट उलटी वापरली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवले, की मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी टी-पेशींना लगाम घालणारे पीडी-एल१ हे प्रथिन लावलेले एक्झोसोम रक्तात सोडतात आणि टी-पेशींना गाठीपासून दूरच नामोहरम करतात. धूर्तपणा पाहा: टी-पेशींनी हल्ल्यात सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे पुड्यांवरचे पीडी-एल१ आणखी वाढते! म्हणूनच टी-पेशींवरचा हा लगाम काढणारे पेम्ब्रोलिझुमॅब सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातली ही वाढ औषध लागू पडत असल्याची खूण असू शकते.